दुर्बीणबाईंची परीक्षा

नगरपालिकेच्या निवडणूक शाखेत त्यांना सगळे दुर्बीणबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. मतदान केंद्रावर कोणाला बसवायचं हे बाईच ठरवायच्या आणि त्यांच्यापुढे वशिल्याची डाळ शिजत नसे. समोरच्याच्या हातात दोनशे नावांची यादी द्यायची. त्यात एक नाव मुद्दाम दोनदा घातलेलं. वीस मिनिटांत ते सापडलं तर केंद्र मिळालं, नाहीतर "या आता." परीक्षा चुकवायला ऐन वेळी कोणाची पाठ धरे, कोणाची सासू आजारी पडे. "सासूबाईंना नमस्कार सांगा," बाई म्हणायच्या, "आणि सोमवारी परीक्षेला या."

ही त्यांची निवृत्तीआधीची शेवटची निवडणूक. सव्वीस वर्षं नगरपालिकेच्या शाळेतल्या पहिल्या खोलीचं केंद्र त्यांच्याकडे होतं. यंदाही तिथेच बसायचं, एवढी एकच हौस उरली होती. पण परीक्षा सगळ्यांना, म्हणून त्यांनी टायपिस्ट मुलीला स्वतःसाठी यादी करायला सांगितली. ही पोरगी भलतीच मुखदुर्बळ; पण केलेलं काम पुन्हा तपासल्याशिवाय जागची हलायची नाही.

वीस मिनिटं संपली. बाईंनी तीनदा चष्मा पुसला, तरी नाव सापडेना.

"राहू द्या ना, बाई," मुलगी हळूच म्हणाली. "कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की."

नेमणुकांच्या कागदावर पहिल्या खोलीपुढे लिहिलेलं स्वतःचं नाव त्यांनी खोडलं आणि तिथे त्या मुलीचं लिहिलं.

मतदानाच्या दिवशी बाई ठेवणीतले कपडे घालून रांगेत उभ्या राहिल्या. नंबर लागला तशी टेबलामागून मुलीने विचारलं, "ओळखपत्र?"

बाईंनी पिशवी चाचपली. ओळखपत्र घरीच राहिलं होतं. इतकी वर्षं त्यांना ते मागितलंय कोणी?

शेजारचा शिपाई कुजबुजला, "अगं, आपल्या बाई आहेत त्या."

मुलीचे कान लाल झाले. "घेऊन या, बाई. सहापर्यंत आहोत आम्ही."

बाई भर उन्हात घरी परतल्या. नवऱ्याने दार उघडलं. "झालं एवढ्यात?"

"हाकलून दिलं मला," बाई म्हणाल्या. डोळे भरून आले होते आणि हसू आवरत नव्हतं. "पोरगी पास झाली हो."