पोटातल्याचा शिधा

माझं शिक्षण मराठी तिसरीपर्यंत. चौथीत मास्तरांनी मला सोडलं की मी मास्तरांना, यावर अजून वाद आहे. तेव्हा लिहिण्यात चुका सापडल्या तर मोजत बसू नका. किस्से मात्र माळ्यावर लाकडं साठतात तसे साठलेत. एक ओढायला गेलं की दहा अंगावर येतात.

आज ओढतोय ते चले जावच्या धामधुमीतले, डोळखांबकडच्या आमच्या पाड्यावरचे. माझा थोरला भाऊ बंदूकवाल्या पार्टीबरोबर जंगलात होता. त्याची बायको, माझी सखूवहिनी, पोटुशी होती. तिचं पहिलं मूल जन्मतःच गेलेलं. तेव्हा घरात हसणारा मी एकटाच होतो, आणि त्याबद्दल मारही मी एकटाच खायचो.

*

जंगलात भाकर पोचू नये म्हणून पोलिसांनी पाड्यातलं सगळं भात, सगळी नाचणी उचलून मारुतीच्या देवळात कोंडली. रोज सकाळी जमादार देवळाच्या पायरीवर बसायचा आणि माणशी चिपटंभर धान्य मापून द्यायचा. घरात वरकड दाणा सापडला तर फटके. हा जमादार घाटावरचा, जाड मिशीचा, कमी बोलणारा.

वहिनी पुढे झाली. म्हणाली, "मला दोघांचा द्या."

"दुसरा कोण?"

वहिनीने पोटावर हात ठेवला.

जमादाराने बघून न बघितल्यासारखं केलं. "ऑर्डर डोक्यामागे आहे. याचं डोकं अजून बाहेर आलेलं नाही. जन्मला की सांगा, बाळंतिणीचा वेगळा शिधा देतो."

मी मागून म्हटलं, "साहेब, डोकं आत असलं तरी तोंड चालू हाय त्याचं."

शिपायाची काठी पाठीत बसली. लोक हसले नाहीत. वहिनी तेवढंच चिपटं घेऊन परतली.

*

बाहेर जमादार आणि घरात आमची आय. आय पाड्याची सुईण. तिचा कायदा जमादाराच्या कायद्याहून जुना: पोटुशीने अर्धपोटी राहायचं, म्हणजे मूल बारीक राहतं आणि सुखाने सुटका होते. वहिनीपुढे अर्धी भाकर ठेवायची, बाकीच्या टोपलीत झाकायची.

आयशी वाद घालायची माझी टाप नव्हती. मी दुपारी धावत दारात यायचो. "आय गो, पोलीस आले, भाकऱ्या उचलतायत!"

आय टोपली वहिनीपुढे ढकलायची. "खा गो लवकर. त्या मेल्यांच्या पोटात जाण्यापरीस तुझ्या जाऊ दे."

वहिनी भराभर खायची आणि मी अंगणात उभा राहून नसलेल्या पोलिसांना सलाम ठोकायचो.

छान चाललं होतं. मग एक दिवस पोलीस खरोखरच आले. आय टोपली कुठे लपवावी ते न सुचून सरळ तिच्यावर बसली.

"म्हातारे, ऊठ," शिपाई म्हणाला.

"गुडघे धरलेत. उठवायला तुझ्या आयला बोलाव."

शिपाई हसला, पण जाईना. एवढ्यात वहिनी उभ्याउभ्या कोसळली. शिपायानेच तिच्या तोंडावर पाणी मारलं. आयने तिची खालची पापणी ओढून बघितली.

"रगत नाय राह्यलं हिच्यात," एवढंच म्हणाली. मग शिपायादेखत टोपली उघडली, भाकर मोडली आणि सुनेला भरवायला लागली. शिपाई तोंड फिरवून निघून गेला. अर्ध्या भाकरीचा कायदा त्या दुपारी रद्द झाला.

*

तरी वहिनी सुकतच चालली. पाय सुजलेले, जीभ पांढरी. मी ओढ्यातल्या चिंबोऱ्या, म्हणजे जिवंत खेकडे, डोक्याच्या फडक्यात बांधून आणायचो. एका शिपायाने झडती म्हणून फडक्यात हात घातला. पुढे त्याचं बोट बरेच दिवस चिंधीत होतं. चिंबोऱ्यांचं कालवण वहिनीला, पण काहीच अंगी लागेना.

मग कळलं. वहिनी आपल्या वाट्याची भाकर मोळीवाल्या बाईच्या हातून जंगलात नवऱ्याला धाडत होती!

"भावोजी, ते पण उपाशीच असतील ना," ती म्हणाली.

मी भांडलो नाही. पुढचं गाठोडं मीच बांधलं. दादाने सगळ्या पार्टीसमोर ते सोडलं, तर आत ओढ्यातले गोटे. मोळीवालीला मी पढवून ठेवलं होतं. ती म्हणाली, "तुमची बायको सध्या हेच खातेय."

दुसऱ्या दिवशी गाठोडं परत आलं. मला वाटलं, माझ्या डोक्यात घालायला गोटे परत धाडले. सोडलं, तर पळसाच्या पानात मधाचं पोळं आणि उकडलेले कंद. बरोबर निरोप: "तिला भरव. आणि धाकट्याला सांग, भेटला की फोडतो."

*

मध किती दिवस पुरणार? वहिनीला उठून बसवेना. आय मला बाजूला घेऊन म्हणाली, "असंच ऱ्हायलं तर पोर येईल रे, पण ही नाय उठायची."

"मग पोर आजच होऊ दे."

"ते माझ्या हातात हाय काय?"

"सांगणं तर तुझ्या हातात हाय."

आमच्या शेळीला नुकतंच करडू झालं होतं. आयने ते लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळून वहिनीच्या कुशीत ठेवलं, खोलीच्या दाराला गोणपाट लावलं आणि देवळापाशी जाऊन सांगितलं, मुलगा झाला. शेजारणी बघून गेल्या. हसू लपवायला एकीनेही तोंडाला पदर लावला नाही. उलट जमादाराला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "नाक बापाचंच गो!"

जमादार आला. सोयर म्हणून उंबरठ्याबाहेरच थांबला. आत करडू ओरडलं.

"आवाज असा का?"

आय आतून म्हणाली, "उपाशी आयचं पोर. दुसरं कसं रडंल?"

जमादार आल्या पावली परत गेला. त्या दुपारपासून बाळंतिणीचा शिधा सुरू झाला: दुप्पट तांदूळ, गूळ, वर थोडं तूप. वहिनी महिनाभर जेवली. सूज उतरली, ओठांना रंग आला.

मग खऱ्या कळा आल्या, आणि नेमकी त्याच टायमाला झडती आली. कोणीतरी जंगलातून खाली उतरल्याची खबर होती. शिपाई घरं उलथीपालथी करत होते आणि जमादार आमच्या दारात. आतून वहिनीची किंकाळी आली.

"महिन्याची बाळंतीण ओरडते का रे?"

"पोटात दुखतंय, साहेब." जन्मात पहिल्यांदा खरं बोललो आणि तेच खोटं वाटत होतं.

शिपाई आला. "साहेब, हे घर बघू?"

"पुढचं बघ."

किंकाळ्या थांबल्या. आत काहीच आवाज नाही. ना वहिनीचा, ना आयचा, ना पोराचा. मी कुडाला टेकून उभा. जमादाराने टोपी काढून हातात धरली होती. बराच वेळ गेला. मग आयने कोणाला तरी चापट मारल्याचं ऐकू आलं, आणि मागोमाग असं रडणं उठलं की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

"दोघंबी हायत रे," आतून आय म्हणाली.

जमादाराने टोपी डोक्यावर ठेवली.

"महिनाभर शिधा खातोय," तो म्हणाला, "आणि रडायला आज सुरुवात केलीय."