रेडिओतलं मोहोळ

आमची गयाआत्या कुणाच्याही घरी गेली की बसण्याआधी गळका नळ शोधते. टाकी, माठाखालची ओल, भांडी घासायची मोरी, गुरांचं टाकं, सगळं पाहून झाल्यावर मगच ती चहाला हो म्हणते. माझ्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हाही तिनं हेच केलं. मुलीकडच्यांना वाटलं, बाई घराची डागडुजी तपासायला आल्यात. मुलीचे वडील घाईघाईनं प्लंबरला फोन लावायला उठले. आत्या मोरीपाशी उकिडवी बसून होती. ती म्हणाली, "राहू द्या बाप्पा, नका दुरुस्त करू. इथं पानी प्याले येतात त्या."

त्या म्हणजे मधमाश्या.

आत्या अमडापूरची, म्हणजे माझ्याच गावची. लहानपणी पाण्यावर आलेली माशी दिसली की ती केरसुणीच्या काडीनं तिच्या पाठीवर ओल्या पिठाचा ठिपका द्यायची आणि दोनापासून पाढे म्हणायला लागायची. ठिपकेवाली माशी परत आली की पाढे थांबवायचे. आठच्या पाढ्याला आली तर मोहोळ ओढ्याच्या अलीकडं, पंधराच्या पाढ्याला आली तर पार टेकडीवर. मी तिच्याहून अकरा वर्षांनी लहान, त्यामुळं हे सारं ऐकीव. आणि आमच्या घरात कुठलीही गोष्ट एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेली की तिच्यात एखादा पाढा वाढतोच. पण सातवीत शाळा सुटलेल्या आत्याला तिसापर्यंतचे पाढे आजही येतात, एवढं मी छातीठोकपणे सांगतो. मला एकोणिसाशी थोडं थांबावं लागतं.

"माश्या मोजून कोनाचं पोट भरलं वं?" असं आजोबा विचारायचे.

"मी मोजत नाई बाबा. कुठं जातात ते पाहून राह्यली," असं ती सांगायची.

लग्न होऊन ती मोताळ्याकडं एका खेड्यात गेली. तिथं तिच्या यजमानांचा एक लाकडी खोक्याचा रेडिओ होता. तो बंद पडला, दुरुस्तीवाल्यानं आतलं सामान काढून घेतलं आणि रिकामं खोकं ओसरीवर पडून राहिलं. एका उन्हाळ्यात त्यात मोहोळ येऊन बसलं. घरच्यांनी धूर करायची तयारी केली. आत्या दारात आडवी उभी राहिली. यजमान स्वभावानं थंड. खोक्याला कान लावून ते म्हणाले, "राहू दे. एवढ्या वर्षांत पह्यल्यांदा वाजून राह्यला."

तिथून तिचं नशीब फिरलं. शेजाऱ्यानं कांद्याचं बी करायला वावर राखलं होतं. आमच्या भागात हे बरेच जण करतात. कांदा पुन्हा लावायचा, त्याला दांडे येतात, दांड्यांवर पांढरे गोंडे फुलतात आणि त्या गोंड्यांत बी धरतं. त्यासाठी या गोंड्यावरून त्या गोंड्यावर माशी फिरावी लागते. त्या वर्षी शेजाऱ्याचे ओसरीकडचे गोंडे गच्च भरले आणि लांबचे पोकळ राहिले. तो दोन दिवस विचार करत फिरला आणि पुढच्या हंगामाला आत्याच्या दारात येऊन म्हणाला, "वहिनी, तुमचा रेडिओ पंधरा दिवस आमच्या वावरात ठेवता का?"

माहेरी ही बातमी आली तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. पुढं आत्यानं सुताराकडून पेट्या करून घेतल्या, कुठंसं प्रशिक्षण घेतलं आणि पेट्या वीस झाल्या. फुलोऱ्याच्या दिवसांत लोक तिच्या तारखा मागायला लागले. मग आमचं हसू थांबलं. "गयाआत्या आमचीच" असं सांगण्यात मी सर्वांत पुढं होतो.

आता माझी हुशारी सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय आत्या पुरती कळणार नाही. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. परागीभवनाचा धडा सव्वीस वर्षं शिकवतोय; फळ्यावर रंगीत खडूनं फूल काढतो, त्यावर माशी काढतो. माझी माशी चांगली येते. अमडापूरला माझं दोन एकर वावर आहे आणि त्यात कांद्याचं बी. गेल्याच्या गेल्या वर्षी आत्यानं आपल्या वीसच्या वीस पेट्या माझ्याकडं ठेवल्या. जाताना एकच सांगून गेली, "परकास, फूल उघडं हाये तोवर फवारू नको. लयच किडा पडला तर आधी मले फोन कर. मी पेट्या उचलतो, मग फवार."

आठ दिवसांनी गोंड्यांवर फुलकिडे दिसले. कृषी केंद्रातला माणूस म्हणाला, "सर, हे औषध माशीले काही करत नाही." फोन करायचा तर आत्या पेट्या नेणार, पेट्या गेल्या तर बी धरणार नाही. म्हणून मी फोन केला नाही. रविवारी सकाळी पंप पाठीला लावला आणि मोकळा झालो.

सोमवारी आत्या पेट्या पाहायला आली. प्रत्येक पेटीच्या तोंडाशी माश्यांचा थर पडलेला होता. ती ओरडेल या तयारीनं मी बांधावर उभा होतो. तिनं एक एक पेटी उघडली, कान लावला, झाकली. मग विचारलं, "किती वाजता फवारलं?"

"नऊ वाजता."

"नऊले. म्हंजे साऱ्या बाहेर होत्या," ती म्हणाली आणि पदरानं मेलेल्या माश्या गोळा करायला लागली.

अकरा पेट्या गेल्या. उरलेल्या नऊ ती संध्याकाळी घेऊन गेली. जाताना मऊ धोतराचे दोन तुकडे माझ्या हातात दिले. "रोज सकाळी हे हाताले गुंडाळ अन् गोंड्यावरून फिरव. या गोंड्यावरून त्या गोंड्यावर. जमंल तेवढं जमंल." तीन आठवडे मी ते काम केलं. रस्त्यानं जाणारी माझीच पोरं एकमेकांना सांगायची, "पाह्य बे, सर कांद्याले कुरवाळून राह्यले." निम्मे गोंडे पोकळ निघाले.

गेल्या वर्षी दांडे वर आले तसा मी मोताळ्याची गाडी धरली. दुसऱ्या कुणाच्या पेट्या मिळत नव्हत्या, आणि मिळाल्या असत्या तरी आत्याकडं गेल्याशिवाय मला चैन नव्हतं. तिनं वर्षभरात नवाच्या चौदा पेट्या केल्या होत्या. मी मान खाली घालून म्हटलं, "आत्या, चुकलो. आता नाही फवारणार."

"हाव. आता नाही फवारनार. पुढच्या साली?" तिनं परसातल्या एका पेटीकडं बोट केलं. "तिथं बस. पाहत राह्य."

दोन तास बसलो. जेवणाच्या वेळी मी उभा राहून धडा म्हटल्यासारखं सांगायला लागलो: कामकरी माश्या, परागाच्या पिशव्या, पहारेकरी. आत्यानं हात वर केला. "हे मले माहीत हाये. तुले काही इचारायचं हाये का?"

मला काहीच विचारायचं नव्हतं. सव्वीस वर्षांत मीच विचारत आलो होतो. पुन्हा जाऊन बसलो. ऊन कलायला लागलं तेव्हा पेटीच्या पुढच्या फळीवर मला एक गंमत दिसली. पंधरावीस माश्या ओळीनं उभ्या राहून पुढं-मागं, पुढं-मागं झुलत होत्या. बाया अंगण सारवतात तशा. फळीवर काही नव्हतं. घाण नव्हती, मध नव्हता. मी कितीतरी वेळ पाहिलं आणि मग तिला हाक मारली.

"आत्या, ह्या सारवून काऊन राह्यल्या? इथं तर काहीच नाही."

आत्या पदराला हात पुसत आली, वाकली, माझ्या खांद्यावर भार देऊन पाहत राहिली.

"मले बी नाई माहीत," ती म्हणाली. "लगनाआधीपासून पाहून राह्यली. कोनी सांगत नाही." मग म्हणाली, "उद्या दिवेलागणीले टेम्पो सांगून ठेव. चौदाच्या चौदा नेऊ."

मी उठायला लागलो, तर तिनं मला खाली दाबलं.

"बस ना बे. सरक जरा तिकडं."