हवा अब्बासभाईंची

“अरं, डोळं हायत का तुज्या तोंडाव, का कोटाची बटनं शिवल्यात तितं? गोल हाय त्यो! गोल! बॉल जाळीत जाऊन बसलाय, अंड्याव बसलेल्या कोंबडीवानी, आनि तू शिट्ट्या कसल्या मारतोस?”

कर्जतच्या रेल्वे मैदानावर हे ओरडणं चाललं होतं आणि ओरडणारे होते चौकचे अब्बासभाई सायकलवाले. आवाज असा, की मैदानापलीकडे चरणाऱ्या म्हशींनी चरणं सोडलं आणि घाट चढायला तयार असलेली मालगाडी सिग्नल नसताना सुटली, असं लोक अजून सांगतात. मी तिथे होतो. गाडी सुटली नव्हती. पण ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून पाहिलं, एवढं शपथेवर सांगतो. म्हशींचं मात्र खरं आहे.

अब्बासभाई आता नाहीत. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना सांगायचं तर, सव्वापाच फुटांचा माणूस, त्यातला चार फूट नुसता राग. त्यांचे आजोबा किनाऱ्यावरून व्यापारासाठी वर आले आणि चौकला राहिले. मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान. लढाईची वर्षं होती. लष्करी लॉऱ्यांची रांग सकाळी सुरू झाली की दुपारपर्यंत रस्ता ओलांडता यायचा नाही, आणि रबर म्हणाल तर औषधालाही नाही. त्या दिवसांत पनवेलपासून खोपोलीपर्यंत धड चालणारा पंप एकच होता, आणि तो अब्बासभाईंच्या दुकानात खिळ्याला टांगलेला होता.

या पंपामुळे अब्बासभाई फुटबॉलमध्ये आले. त्यांनी आयुष्यात बॉलला पाय लावला नाही. पण चौकच्या संघाचा बॉल तेच भरायचे, आणि पुढे रेल्वेवाल्यांचं ब्लॅडर, म्हणजे बॉलच्या आतली रबरी पिशवी, फुटलं तेव्हा कर्जतच्या सामन्यालाही चौकचंच ब्लॅडर जाऊ लागलं. त्या ब्लॅडरला सतरा पॅच होते. एकाच बाजूला अकरा. त्यामुळे बॉल सरळ म्हणून जायचा नाही. चौकच्या पोरांना ते वळण पाठ होतं आणि रेल्वेचे बूटवाले खेळाडू मात्र बॉल गेला त्याच्या उलट्या दिशेला धावायचे. कुणी तक्रार केली की अब्बासभाई म्हणायचे, “खेळ तुमचा, हवा माजी. पटत नसंल तर तोंडानं फुगवा.”

सामन्याला जाताना ते सायकलच्या बेअरिंगचे छर्रे रुमालात बांधून न्यायचे. रेफ्रीने चौकच्या विरुद्ध शिट्टी मारली की एक छर्रा उजव्या खिशात, रेल्वेच्या विरुद्ध मारली की डाव्या. सामना संपेपर्यंत कोट उजवीकडे असा ओढला जायचा की माणूस वाकडा चालायचा. दुसऱ्या दिवशी दुकानासमोरच्या बाकावर खिसे रिकामे व्हायचे आणि भांडण सुरू. विरुद्ध बाजूला एकटे नानू पाटील. भातशेती करणारे, शांत, आणि सबंध चौकात रेफ्रीच्या बाजूने बोलणारे एवढेच.

“अब्बास, मागल्या साली त्यानं रेल्वेवाल्यांव पेनल्टी दिली व्हती. इसरलास?”

“कवा दिली? आपल्याव पाच गोल झाल्याव! जेवान उरकल्याव पानाचा इडा देत्यात तशी दिली.”

“पर दिली ना?”

“दिली. आनि आपल्या पोरानं मारली कुटं? पार नदीकडं!”

“त्यो काय रेपरीचा दोस हाय?”

“हाय तर! पोरगं त्याच्याकडं बगून भ्यालं!”

मग अब्बासभाई पान्याने बाकावर ठोकत मूळ मुद्द्यावर यायचे. “पाटील, पगार रेल्वेचा. क्वार्टर रेल्वेची. कोट रेल्वेचा. शिट्टीसुद्दा रेल्वेची. मंग ती आपल्यासाटी वाजंल कशी रं?”

“मंग तू हो रेपरी.”

“मी न्हाय व्हनार. मी उगडउगड चौकच्या बाजूचा हाय. त्याच्यावानी मदी हुबा ऱ्हाऊन सोंग नाय करत.”

तो रेफ्री म्हणजे डायस गार्ड. उंच, वाळलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला माणूस. वीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून त्याची सगळी हाडं रेल्वेची झाली होती. सामना सुरू करताना घड्याळ बघायचा, शिट्टी मारायचा आणि मग सवयीने मागे वळून सगळी दारं लागली का हे पाहायचा. लाइन्समनना देण्यासाठी झेंडे आणायचा तेही आपल्याच पेटीतले, एकाला हिरवा, दुसऱ्याला लाल. चौककडून लाइन्समन मी असायचो. गावच्या शाळेत मास्तर असल्यामुळे नियमांचा छापील कागद मला वाचता येतो, एवढीच माझी पात्रता.

आता गंगारामचं सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यासाठी घडलं. गंगाराम डोंगराखालच्या वाडीतला. चौककडच्या पायवाटेने रोज माथेरान चढायचा आणि वर हातरिक्षा ओढायचा. रिक्षात साहेब, साहेबाची मडम, मडमेचं कुत्रं आणि कुत्र्याची गादी. त्या चढणीवर त्याचे पाय असे झाले होते की अनवाणी पायाने मारलेला बॉल पकडायला गोलकीपर दोन्ही हात पुढे करायचा नाही, एक हात छातीवर ठेवायचा.

रेल्वेच्या संघावर तीन वर्षांत बाहेरच्या कुणी एकही गोल मारला नव्हता. त्यांच्या एका मोठ्या साहेबाने त्या भाद्रपदात छत्री टेकत जाहीर केलं, की चौकच्या ज्या गड्याने आमच्यावर गोल केला त्याला मी खलाशी म्हणून, म्हणजे अंगमेहनतीच्या पक्क्या नोकरीवर, रेल्वेत घेईन. थट्टेत म्हणाला असेल. पण गंगारामने ती थट्टा उशाशी घेऊन झोपायला सुरुवात केली. अब्बासभाई त्याला रोज दुकानात बसवून सांगायचे, “गंग्या, जितायचं आपलं काम नाय. धा गोल खा. पर एक मार. एकदा का निळा सदरा अंगात गेला, की त्या मडमेच्या कुत्र्याला सांग, आता चालत जा म्हनावं.”

सामन्याच्या दिवशी आम्ही तीन बैलगाड्यांतून कर्जतला गेलो. मैदान ओलं. चार गोल आम्ही अर्ध्या तासातच खाल्ले आणि अब्बासभाईंनी नुसती मान हलवली, कारण आमचा हिशेब वेगळा होता. सामना संपायला दहा मिनिटं उरली असतील. गंगारामला बॉल मिळाला. समोर दोन बूटवाले. पहिला घसरून चिखलात बसला, दुसरा त्याच्या मांडीवर बसला. गंगारामने पाय उचलला. गोलकीपर उजवीकडे झेपावला, अकरा पॅचांनी आपलं काम केलं आणि बॉल डावीकडून जाळीत गेला.

आणि डायस गार्डाची शिट्टी वाजली. ऑफसाइड.

कसला ऑफसाइड? दोन-दोन माणसं त्याच्या पुढ्यात एकमेकांच्या मांडीवर बसलेली! आंधळ्यालाही गोल दिसला असता. अजून आठवलं की माझी कानशिलं तापतात. अब्बासभाईंनी सुरुवातीला सांगितली ती आरोळी ठोकली, आणि नंतर जे जे बोलले ते शाळामास्तराने लिहिण्यासारखं नाही. डायस गार्ड हललादेखील नाही. त्याने हात दाखवला, फ्री किक रेल्वेला. तेव्हा अब्बासभाई मैदानात घुसले. जाळीतून बॉल काढला, त्याची चामड्याची वादी सोडली, ब्लॅडरचं नरडं बाहेर ओढलं आणि गाठ सोडली. सगळ्या मैदानावर एकच आवाज राहिला, हवा जाण्याचा.

“खेळ तुमचा, हवा माजी. माजी हवा मी घेऊन चाललो.”

दुसरं ब्लॅडर सबंध तालुक्यात नव्हतं. साहेबाने छत्री मिटली, म्हणाला, गोल नाही, नोकरी नाही, आणि गेला.

इथपर्यंतची गोष्ट मी चौकच्या बाकावर शेकडो वेळा रंगवून सांगितली आहे. पुढची सांगितली नव्हती. त्या दिवशी लाल झेंडा माझ्याकडे होता. बॉल जाळीत शिरताना मी नियम, कागद, मास्तरकी सगळं विसरलो. दोन्ही हात वर करून उडी मारली आणि हातात होतं ते गरगर फिरवलं. हातात लाल झेंडा होता. वीस वर्षं गार्डाची नोकरी केलेल्या माणसाच्या डोळ्यांना कडेने लाल झेंडा हललेला दिसला. त्याचा मेंदू जागा होण्याआधी तोंडातली शिट्टी वाजली, आणि लाइन्समनचा झेंडा म्हणजे ऑफसाइड. शिट्टी वाजल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मान लववली. पुढे पूल वाहून गेलाय हे कळवून मी गाडी वाचवली असावी, तशी. विचारलं काही नाही. दोन पावलं चालत येऊन विचारलं असतं तर मी सांगितलंही असतं. पण तो आला नाही, मी गेलो नाही, आणि तेवढ्यात अब्बासभाईंनी हवा सोडली.

परतताना बैलगाडीत गंगाराम माझ्या शेजारी बसला होता. आपल्या पायांकडे बघत होता. मग म्हणाला, “मास्तर, हापसाइट म्हंजी काय वो?”

मी त्याला नियम समजावून सांगितला. अख्खा. चौक येईपर्यंत.

त्यानंतर अब्बासभाईंच्या रागाला हंगाम राहिला नाही. डायस गार्ड एकदा कामासाठी सायकलवरून चौकला आला आणि दुकानासमोरच त्याचं चाक बसलं. अब्बासभाईंनी पंप खिळ्यावरून काढला, त्याच्यासमोर धरला, हवेतच चाळीस वेळा चालवला आणि परत टांगला. गार्ड सायकल ढकलत कर्जतला गेला. खांद्यावर घेऊन गेला असं मी सांगत असे, ते खोटं. ढकलतच गेला. आणि मी, ज्याने त्याला थांबवून दोन शब्द बोलायचे, तो मी बाकावर बसून लोकांबरोबर हसलो.

एकदाच अब्बासभाईंचं तोंड बंद झालेलं मी पाहिलं. नानू पाटील नेहमीच्या शांतपणे म्हणाले, “अब्बास, धा मिनटं बाकी व्हती. तू हवा काडली नसतीस तर त्या पोरानं आनिक एक मारला असता.” अब्बासभाईंच्या हातातला पाना तसाच राहिला. दोन दिवस दुकानाची फळी उघडली नाही. तिसऱ्या दिवशी उघडली, आणि डायस गार्डाच्या नावाने पहिल्यापेक्षा मोठ्याने आरंभ झाला.

तीन वर्षांनी माथेरानच्या उतारावर भरलेली रिक्षा अंगावर आली आणि गंगारामचा गुडघा गेला. वाडीतल्या माणसांनी त्याला डोलीत घालून खाली आणला. अब्बासभाई स्वतः डोलीपुढे गेले, त्याला दुकानात बसवला, हातात पॅचचा डबा दिला. “पाय गेला तर गेला. आता हातानं खेळ,” म्हणाले. पुढची दोन वर्षं तो तिथे ट्यूब जोडत बसायचा आणि त्याच्यासमोर रोज त्या एका शिट्टीची उजळणी व्हायची. रेफ्री विकला गेला होता का, साहेबाने खूण केली होती का, बूटवाल्यांनी त्याला काय पाजलं होतं. मला ते ऐकवत नसे. गंगारामची मान खाली, हात कामात, आणि अब्बासभाई त्याच जखमेत रोज पान्याने उकरताहेत!

एका दुपारी गंगाराम चहा सांगायला काठी टेकत गेला होता. डायस गार्ड नोकरी संपवून कायमचा गावी निघाल्याची बातमी कुणीतरी दिली होती आणि अब्बासभाई पाण्याच्या टोपात ट्यूब दाबून त्याच्या सात पिढ्यांना निरोप देत होते. माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं.

“बास करा, अब्बासभाई!” मी ओरडलो. वर्गातही कधी एवढा ओरडलो नव्हतो. “तो माणूस खोटा नव्हता! त्याला कुणी विकत घेतलं नव्हतं! लाल झेंडा मी हलवला. मी! आनंदाने हलवला, आणि तो बघून त्याने शिट्टी मारली!”

अब्बासभाईंनी मान वर केली नाही. ट्यूब थोडी फिरवली, पुन्हा पाण्यात दाबली.

“ठावं हाय. तुमच्या मागंच हुबा व्हतो मी.”

मला वाटलं होतं, माझ्या जिवावरचा भार उतरेल. उतरला कसला, सगळं रक्त डोक्यात चढलं. पाच वर्षं मी झोपेत झेंडे पाहत होतो आणि या माणसाला पहिल्या क्षणापासून माहीत होतं!

“मग त्याला का शिव्या घातल्यात इतकी वर्षं? मला का नाही घातल्या एकही?”

पाण्यातून बुडबुडे आले. अब्बासभाईंनी त्या जागेवर अंगठा दाबून धरला.

“तुमी नुस्ता झेंडा हलवला, मास्तर. शिट्टी त्याच्या तोंडात व्हती.”