बाज्याकडे पाठ करून

किसनभाऊ गेल्याची बातमी आली तेव्हा मी आंबागडला खळ्यावर होतो, धान चुरणे चालू होते. वरठीहून त्यांचा शेजारी मोटरसायकलवर आला आणि गाडी बंद न करताच म्हणाला, “किसनभाऊ गेले जी. सकाळी छातीत दुखून रायलं म्हणत होते...” इंजिनाच्या फटफटीत मला नीट ऐकू आले नाही, त्याला तेच पुन्हा सांगावे लागले. त्या बिचाऱ्याचा मला फार राग आला. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

आम्ही दोघे मिळून लग्नांचे शूटिंग करायचो. व्हिडिओ कॅमेरा आमच्या भागात नुकताच आला होता. कॅमेरा माझ्या खांद्यावर, आवाज त्यांच्याकडे. आमच्याकडचा बाजा म्हणजे छातीत धडधड उठवणारा. कॅमेऱ्याच्या माइकला तो झेपायचाच नाही. टीव्हीवर नुसता पत्रा फाटल्यासारखा आवाज. म्हणून किसनभाऊ वेगळा टेपरेकॉर्डर आणायचे, माइक बाज्यापासून दोन-तीन घरे लांब, एखाद्या ओसरीवर ठेवायचे, आणि नागपूरच्या दुकानात तो आवाज मागाहून चित्रावर चढवून घ्यायचे. टेप फिरायला लागली की त्यांच्या तोंडाला कुलूप. मला खोकला आला तर असे बघत की तो घशातच राही.

पण बाजेवाल्यांना कोण आवरणार? माइक दिसला की तो त्यांना आपला मान वाटे. एकोडीच्या एका लग्नात बाज्याचा मास्तर वरात सोडून ओसरीपाशी आला आणि चांगले यावे म्हणून ट्रम्पेटचे तोंड थेट माइकवर धरून फुंकू लागला. मागोमाग ढोलवाले. मी कॅमेरा घेऊन नवरदेवाच्या घोड्यामागे, लांबून बघत होतो. किसनभाऊंनी खांद्यावरची घोंगडी दोन्ही हातांनी पसरून धरली, माइकच्या आणि बाज्याच्या मधे गेले आणि बाज्याकडे पाठ करून उभे राहिले. नंतर मी विचारले, “कान फुटतील जी तुमचे. असे काहून उभे रायता?”

“त्यायले हटकलं का बाजा रुसते,” ते म्हणाले. “मी मधात असलो का आवाज गाळून येते.”

तेरवीनंतर वहिनींनी, किसनभाऊंच्या बायकोने, मला थांबवून घेतले. म्हणाल्या, “भाऊजी, चेहरा येते डोळ्यापुढं. आवाज येतच नाही. विसरून रायली मी. तुमच्या टेपात असंल ना एखादा बोल?”

असेल की, मी म्हणालो. इतक्या टेपांत माणूस एकदा तरी बोललाच असेल. आम्ही दुपारी दुपारी बसून एकेक टेप लावत गेलो. वऱ्हाडी सापडले, रडणाऱ्या मावश्या सापडल्या, पंगतीतली भांडी, कोणाच्या तरी दारातले कुत्रे... किसनभाऊ कुठेच नाहीत. इतके चोख काम माणसाने करू नये, असे मला तेव्हा पहिल्यांदा वाटले. वहिनी प्रत्येक टेप संपली की पदराने तोंड पुसत आणि पुढची काढून देत.

मग एकोडीची टेप लागली. बाजा अंगावर येत गेला आणि एकदम दबला, कुणी दार ओढून घ्यावे तसा. टेप खराब झाली असे समजून मी हात पुढे केला, तर वहिनींनी तो धरला.

“राहू द्या. ते उभे हायेत.”

एकोडीची ती गोष्ट किसनभाऊंनी घरी सांगितली असणार. बाजा तिकडे वाजतच होता, पण त्याच्या आणि आमच्या मधे कुणीतरी होते. घोंगडीची हलकी सरसर होती. ट्रम्पेट मधूनच एका बाजूने फुटून येई आणि पुन्हा झाकला जाई; त्यांनी पाय बदलला असणार. त्या खोलीत मागे वळून बघायचा मला धीर झाला नाही. मग बाजा एकदम उघडा पडला, आणि वहिनींनी बटण दाबले.

ती टेप मी त्यांच्याकडेच ठेवली आहे. वरठीला गेलो की बाहेरूनच ऐकू येते. वहिनी तांदूळ निवडत बसलेल्या असतात, आणि घरात तो दबलेला बाजा. थोडा वाजतो, थांबतो, पुन्हा पहिल्यापासून. परवा मी विचारले, “वहिनी, पुढं काहून नाही जाऊ देत?”

त्यांनी सुपातून मान वर केली नाही.

“पुढं गेली का ते हटतेत,” म्हणाल्या.