एकदाच विचारणारं शहर

नको म्हणण्यात माझा हात धरणारा माणूस आमच्या केजमध्ये सापडायचा नाही. कुणाच्याही घरी गेलो आणि जेवायला बसा म्हटलं की माझं उत्तर ठरलेलं, ‘नको, आत्ताच जेवून निघालो.’ पोटात कावळे ओरडत असले तरी हेच. मग घरचा माणूस दुसऱ्यांदा म्हणणार, ‘घासभर तरी खा की.’ आपण जरा मऊ आवाजात म्हणायचं, ‘न्हाई हो, कशाला उगं.’ तिसऱ्यांदा तो हाताला धरून बसवणार आणि मग आपण निवांत तीन भाकरी खायच्या. यात काही खोटेपणा आहे असं आमच्याकडं कुणाला वाटत नाही. पहिले दोन नकार मनावर घ्यायचे नसतात हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं.

मुलगा आठ-नऊ वर्षांचा असताना आम्ही पाटोद्याला माझ्या मावसभावाकडं गेलो होतो. भावजयीनं त्याला विचारलं, ‘जेवतूस का रे?’ आणि हा ‘हो’ म्हणून सरळ ताटावर जाऊन बसला. परत येताना एसटीतच मी त्याला झापलं. पहिल्या बोलावण्याला हावऱ्यासारखं बसायचं नसतं, लोक काय म्हणतील, वगैरे.

‘पण अण्णा, भूक लागलती,’ तो म्हणाला.

‘कावून वरडता लेकरावर?’ बायको म्हणाली. ‘खरं तेच बोललं की ते.’

मी दोघांवर डोळे वटारले. त्या दिवसानंतर तो कुणाच्याही घरी पहिल्यांदा हो म्हणाला नाही. पोराला वळण लागलं म्हणून मी तेव्हा खूश होतो.

हा मुलगा आता व्हिएतनाममध्ये असतो. जुनी माणसं ज्याला सायगॉन म्हणतात त्या अवाढव्य शहरात, कपड्यांच्या एका कारखान्यात माल तपासायचं काम करतो. मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, आता निवृत्त आहे. गेल्याच्या गेल्या वर्षी बायको गेली. एकट्या माणसाचं घर कसं असतं ते सांगत बसत नाही. एवढंच सांगतो की एका भाकरीसाठी परात काढायचा कंटाळा येतो, आणि भर दुपारी दार वाजलं की आनंद होतो, मग वर्गणी मागणारा का असेना.

मुलानं महिनाभर ये म्हणून तिकीट पाठवलं तेव्हा मी मनाशी पक्कं करूनच निघालो होतो. त्यानं राहा म्हटलं की राहायचं. कुणाला बोललो नाही. शेजारच्या फळवाल्याच्या बायकोकडं आमच्या हिची तुळस कुंडीसकट नेऊन दिली. ‘महिनाभर पानी डालती मैं, भाईसाब,’ ती म्हणाली. मी म्हणालो, ‘राहू द्या भाभी, तुमच्याकडंच राहू द्या.’ हिचा फ्रेममधला फोटो गोधडीत गुंडाळला आणि बॅगेच्या तळाशी घातला.

मुलाचं घर नवव्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. एक खोली माझ्यासाठी मोकळी केलेली. माझे गुडघे दुखतात म्हणून पलंग उंच घेतलेला. पलंगासमोरच्या भिंतीत एक नवाकोरा खिळा होता, त्याला काहीच टांगलेलं नव्हतं. आधीच्या भाडेकरूचा असेल असं समजून मी त्याला माझी टोपी अडकवायला लागलो.

रस्त्यावर खाण्यात मी जुना मुरलेला माणूस. तीस वर्षं स्टँडवरच्या कॅन्टीनात आणि फाट्यावरच्या टपऱ्यांत पोट भरलेलं. कुठल्या गावची भजी कालच्या तेलातली आहेत हे मी गाडीतून उतरायच्या आधी वासावरून सांगायचो. त्या शहरात मात्र माझी सगळी विद्या बाद झाली. सकाळी सहाला अख्खं गाव फुटपाथवर जेवायला बसतं. चहा नाही, नाष्टा नाही, सरळ जेवणच. बसायला बालवाडीतून उचलून आणल्यासारखे प्लास्टिकचे बुटके स्टूल. त्यावर बसलो की माझे गुडघे कानाला लागायचे आणि उठताना मुलाला हात द्यावा लागायचा.

इमारतीच्या खालीच एक बाई मोठ्या पातेल्यात कोंबडीचा रस्सा उकळत बसलेली असायची. वयानं आमच्या हिच्याएवढीच. वाडग्यात तांदळाच्या पांढऱ्या शेवया, वर कोंबडीचे तुकडे, त्यावर तो उकळता रस्सा, आणि शेजारी ताटलीत पाल्याचा ढीग. पुदिना, कोथिंबीर, मोड आलेले मूग आणि चक्क तुळशीसारखा एक पाला. तुळस कोंबडीत टाकायची म्हटल्यावर माझा हात थांबला.

‘टाका अण्णा,’ मुलगा म्हणाला, ‘ही येगळी हाय.’

पहिला घोट मला दवाखान्यातल्या जेवणासारखा लागला. तिखटाचा पत्ता नाही. तिसऱ्या घोटाला आलं लागलं, मग चक्रीफूल लागलं, आणि मी वाडगं तोंडाला लावून तळापर्यंत गेलो. बाईनं बघितलं. पळी उचलून तिनं मला खुणेनं विचारलं, आणखी घालू? मी सवयीनं हात आडवा केला आणि तिच्या दुसऱ्या खुणेची वाट बघत बसलो. तिनं पळी पातेल्यात ठेवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली. मी रिकामं वाडगं पुढ्यात घेऊन तसाच. मुलगा पोट धरून हसला.

‘अण्णा, हितं एकदाच इचारतेत. न्हाई म्हणलं म्हंजे न्हाई.’

म्हणजे त्यानं मला सांगितलं होतं. माझ्यासारख्याला याहून स्पष्ट काय सांगायचं? मी शिकलोही. दुसऱ्या दिवसापासून बाईनं पळी उचलली रे उचलली की मी मान हलवायचो. ती हसायची आणि वर दोन तुकडे जास्तीचे टाकायची. फक्त हा कायदा त्या बाईचा आणि त्या शहराचा आहे अशी माझी समजूत राहिली. माझा मुलगा तर आमचा होता.

पहिले पंधरा दिवस फार सुखाचे गेले. कारखान्यातून आला की तो मला स्कूटरवर मागं बसवून हिंडवायचा. लांबट कुरकुरीत पावात अंडं, काकडी आणि गाजराचं लोणचं भरून देतात ते खाल्लं. आमच्याकडं तांदळाची कणी कोंबड्यांपुढं टाकतात. तिथं कणीच्याच भाताची वेगळी दुकानं, वर तळलेलं अंडं आणि भाजलेलं मांस, आणि लोक रांग लावून खातात. कुरडईच्या पापडीसारख्या ओल्या पापडीत पाला आणि कोळंबी गुंडाळून ती शेंगदाण्याच्या कुटात बुडवतात. कूट तोंडात गेलं आणि मला घर आठवलं. ‘तुझ्या आईला हे आवडलं असतं,’ मी म्हणालो. त्यानं आणखी एक प्लेट मागवली.

एका रविवारी सकाळी तो मला गल्लीतल्या कॉफीवाल्याकडं घेऊन गेला. तिथल्या कॉफीची तऱ्हा निराळीच. काचेच्या पेल्यात खाली बोटभर दाट गोड दूध, पेल्यावर पत्र्याची भोकं पाडलेली छोटी वाटी, वाटीत कॉफीची पूड आणि तिच्यावर कढत पाणी. मग थेंब थेंब. आपला चहा चार उकळ्यांत होतो; ही कॉफी दहा मिनिटं माणसाला नुसतं बसवून ठेवते. बोलायचं राहून गेलेलं असेल ते बोलायला जागाच ती. मुलगा पेल्याकडं बघत होता.

‘अण्णा, एक इचारू का?’

‘इचार की.’

‘तुमी हितंच राहता का आता, माझ्यापाशी? कंपनीत बोललोय मी. कागदं होतेत म्हणले.’

ज्याच्यासाठी मी समुद्र ओलांडून आलो होतो तेच शब्द त्यानं उच्चारले. आणि माझ्या तोंडानं, ज्या तोंडाला साठ वर्षांत दुसरं काही शिकवलंच नव्हतं, सांगून टाकलं, ‘नको रे बाबा. मला कुठं करमतंय हितं. तिकडं घर हाय, कोण बघंल?’

तो माझ्याकडं बघत होता हे मला कळलं. मी पेल्याकडं बघत राहिलो, कारण पहिल्या नकाराच्या वेळी समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं नसतं.

‘बरं,’ तो म्हणाला. ‘तुमची मर्जी.’

त्यानं ती पत्र्याची वाटी उचलून बाजूला ठेवली, चमच्यानं दूध ढवळलं, बर्फ टाकला आणि पेला माझ्यापुढं सरकवला. कॉफी कडू होती की गोड हे मला आजही सांगता येणार नाही. मी दुसऱ्या विचारण्याची वाट बघत होतो.

पुढचे तेरा दिवस मी तेच केलं. रोज नव्या गाडीवर नव्या बुटक्या स्टुलावर बसायचो आणि वाटायचं, आज विचारेल. हा घास संपला की विचारेल. मीही आडून आडून रस्ता करून द्यायचो. म्हणालो, ‘केजला आता नळाला आठ-आठ दिवस पाणी येत न्हाई.’ तो म्हणाला, ‘गच्चीवर मोठी टाकी बसवून देतो.’ म्हणालो, ‘एकट्यासाठी सैपाक करायचा लई कंटाळा येतो.’ तो म्हणाला, ‘भाकरी करून द्यायला एखादी बाई बघा, मी बोलतो कुणाशी तरी.’ पोरगं माझं एकेक दुखणं तत्परतेनं बरं करत होतं आणि मला वाटत होतं त्याच्या अंगावर खेकसावं, अरे गाढवा, मला टाकी नको. पण ते कसं म्हणणार? एकदा नको म्हटलेल्या ताटावर आपणहून जाऊन बसायचं? ज्या बापानं त्याला एसटीत सगळ्यांदेखत झापलं होतं, त्यानं?

ड्युटीवर असताना मी स्वतः कुणाला दोनदा विचारलं नाही. फाट्यावर कोण उतरणार आहे का, एकदा ओरडायचं, उत्तर आलं नाही की घंटी मारायची. मग मागून कुणीतरी ‘ओ मास्तर, थांबवा’ म्हणायचा आणि मी त्यालाच सुनवायचो, झोपा काढता काय. आता ओ मास्तर म्हणायची पाळी माझी होती आणि माझ्या घशातून आवाज निघत नव्हता.

निघायच्या दिवशी सकाळी मी एकटाच खाली गेलो. रश्श्याच्या बाईला बॅग उचलायची आणि विमानाची खूण करून दाखवली. तिला कळलं. तिनं हात पुसले, मागच्या फळीवरून कॉफी गाळायची एक पत्र्याची वाटी आणि पुडीचं पाकीट काढलं आणि दोन्ही माझ्यापुढं धरलं. मी लगेच घेतलं. एकदाही नको म्हणालो नाही. परक्या बाईकडून घेतलं आणि पोटच्या पोराकडून घेता आलं नाही, हे विमानात बसल्यावर लक्षात आलं आणि मला रडू फुटलं. शेजारच्या माणसानं तोंड खिडकीकडं केलं.

केजला येऊन आता पाच महिने झाले. भाभींनी तुळस परत आणून दिली, आधीपेक्षा घनदाट. टाकी बसली. भाकरीला बाई येते. माझं घर आता सगळ्या सोयींनी भरलेलं आहे आणि त्यात माझा जीव लागत नाही. सकाळी मी त्या वाटीतून कॉफी गाळतो. डब्यातलं गोड दूध इथंही मिळतं. दहा मिनिटं थेंब पडताना बघत बसतो. समोर कुणी नसतं, म्हणून ती दहा मिनिटं फार लांबतात.

परवाच्या रविवारी अशीच कॉफी गळत होती आणि मुलाचा फोन आला.

‘अण्णा, घर बदललं मी. कारखान्याजवळ घेतलं, एकाच खोलीचं.’

‘बरं केलं,’ मी म्हणालो. ‘पण कावून? चांगलं होतं की ते.’

‘दुसरी खोली कशाला लागती आता? तुमाला धरूनच घेतलती ती. आईच्या फोटोला खिळा ठोकलता बघा त्या खोलीत. त्यो तसाच राह्यला.’

त्या खिळ्याला मी महिनाभर टोपी अडकवली होती. फोटो बॅगेतून काढलाच नव्हता, कारण त्यानं दुसऱ्यांदा राहा म्हटल्याशिवाय तो काढायचा नाही असं मी ठरवलं होतं.

‘अण्णा,’ तो म्हणाला, ‘खरं सांगा. तुमाला राहायचं होतं का माझ्यापाशी?’

पाच महिन्यांनी का होईना, त्यानं दुसऱ्यांदा विचारलं. माझे डोळे भरून आले. मी घसा साफ केला, आणि माझा आवाज मऊ झालेला मला स्वतःला ऐकू आला.

‘न्हाई रे,’ मी म्हणालो, ‘कशाला उगं.’

‘बरं,’ तो म्हणाला. मग त्यानं गुडघ्यांची चौकशी केली, टाकी गळत तर नाही ना ते विचारलं आणि फोन ठेवला. मी फोन कानाला तसाच धरून थांबलो.