दुसऱ्याचा सदरा

माझ्या थोरल्या मामांइतका आगाऊ शिंपी राहुरी तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतका शहाणा माणूस मला पुढे कॉलेजातही भेटला नाही. दोन्ही वाक्यं मी विचार करून लिहिली आहेत.

आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, दुसऱ्याच्या शेतावर सालगडी. आई रोजानं खुरपायला जायची. घर म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. नवं कापड घ्यायचं असतं हे आम्हाला ऐकून माहीत होतं. शिवायला टाकून गिऱ्हाईक विसरून गेलं की ते कपडे मामा आमच्याकडे आणून टाकायचे. सातवीपर्यंत माझ्या अंगावरचा प्रत्येक फ्रॉक ही कुणाच्या तरी विसराळूपणाची कृपा होती. एकदा वर्गातल्या एका मुलीनं माझ्या अंगावरचा आपला फ्रॉक ओळखला. मी रडत मामांच्या दुकानात गेले. कुणीही मामा भाचीला जवळ घेईल. आमचे मामा दातात दोरा धरून म्हणाले, "आता तिच्याच फ्रॉकात हायेस, तर सांग बरं, तिला कसं वाटलं आसंल?" मी रडायचीच विसरले.

मामांचं सगळं असंच. कपडे कधी मिळतील विचारलं की ते वार सांगत नसत, गोष्ट सांगत. ती इतकी रंगायची की माणूस एकच पाय शिवून झालेल्या पँटीचा विषय सोडून खुशीत घरी जायचा आणि उंबऱ्यात त्याला पँट आठवायची. गावच्या भारुडात त्यांनी सासूपासून फौजदारापर्यंत सगळी सोंगं केली. त्यातूनच त्यांचं एक मत पक्कं झालं होतं: माणूस स्वतःच्या कपड्यात आहे तोवर त्याला दुसऱ्याचं काही कळत नाही. गावातल्या प्रत्येकाचं काही ना काही आल्टरला म्हणून मशीनशेजारी पडलेलं असायचंच. कुणी भांडण घेऊन आला की मामा त्याच्या वैऱ्याचा सदरा शोधून पुढे करत. "आदी ह्यो घाल. आन् आता त्याची गोष्ट सांग, त्याच्याच तोंडानं. तवर च्या न्हाई."

पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून दोन शेजारी असेच हातघाईवर आले होते. त्यातला एक मामांकडे आला. मामांनी त्याला दुसऱ्याचा चौकड्याचा सदरा चढवला. तो रागारागानं तसाच बाहेर पडला, आणि पाठमोरा पाहून त्या दुसऱ्याच्या बायकोला वाटलं, चालले आमचे मालक. चावडीपासून मारुतीपर्यंत ती बाई त्याच्या मागून बोलत होती. त्यात तिचं माहेर आलं, म्हशीचं दूध आलं, सासूही आली. ह्याची मागे वळायची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं सदरा मालकाला नेऊन दिला आणि म्हणाला, "गड्या, पयली पाळी तूच घे. तुला घरीच लई ताप हाय."

मग दुसऱ्याचा सदरा घालायची वेळ माझ्यावर आली. मी बारावी झाले आणि नगरच्या कॉलेजचा फॉर्म आणला. आण्णा म्हणाले, "न्हाई." का, तर न्हाई म्हंजी न्हाई. मी दोन दिवस जेवले नाही, आण्णा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी मामा आले, पडवीत बसले, आणि काही न विचारता माझी शाळेची ओढणी त्यांनी आण्णांच्या डोक्यावर टाकली.

"पाव्हणं, काय याड लागलं का?" आण्णा ओरडले.

"गप बसा दाजी. पोरीच्या जातीनं येवडं मोठ्यानं बोलू न्हाई," मामा म्हणाले. आई पदरात हसायला लागली. आण्णांची टोपी आणि बंडी मला मिळाली. "हं, तू आता बाप. सांग, पोरीला का धाडीत न्हाईस?"

मी आधीच पेटलेली. छाती काढून, आण्णांसारखी मान हलवत म्हणाले, "न्हाई म्हंजी न्हाई! नगर काय मला ठावं न्हाई व्हय? म्या गेल्तो की!" आणि आमच्या घरातली सगळ्यात आवडती गोष्ट सुरू केली. आण्णा एकदा नगरला निघाले आणि उलट्या दिशेला राहात्यात उतरले, ती. ते स्वतःच ती सांगत आणि शेवटी म्हणत, "मला बाजारच बघायचा हुता." आम्ही दर वेळी पोट धरून हसायचो.

"स्टँडावर एक गाडी उबी हुती," मी त्यांच्या आवाजात म्हणाले. "म्या पाटीकडं बघितलं..."

आणि पुढे बोलता येईना. टोपीला त्यांच्या घामाचा वास होता. पाटीकडं बघितलं, आणि काय? आण्णांना वाचता येत नव्हतं, हे मला जन्मापासून माहीत होतं. ते कळलं मात्र तेव्हा.

"मंग? का धाडीत न्हाईस?" मामांनी हळूच विचारलं.

"पोरीला तिथं काय झालं," मी म्हणाले, "तर म्या कंच्या गाडीत बसू?"

आण्णांनी ओढणी तोंडावर ओढून घेतली.

"ए पोरी," मामा त्यांना म्हणाले, "बाप काय म्हनतोय? उत्तर दे."

ओढणीतून आवाज आला, "मंग म्या शिकवीन की तुमाला वाचाया."

मी नगरला कॉलेजात गेले, आणि ती शिकवणी तीन वर्षं, दर रविवारी मी घरी आले की चालली. आण्णांना 'अहमदनगर' घडाघड वाचता यायला लागलं आणि गाड्यांच्या पाट्यांवर 'अहिल्यानगर' आलं. "मुद्दाम केलं आसंल," असं म्हणून त्यांनी पाटी-पेन्सिल पुन्हा पुढे ओढली.

मामांचे हात आता कापतात, सुईत दोरा ओवता येत नाही. मामी गेल्यापासून ते एकटेच असतात. परवा मी त्यांची टेप गळ्यात घातली, त्यांचा चष्मा लावला आणि म्हणाले, "आता मी मामा. सांगू का गोष्ट?" ते हसले, चष्मा काढून घेतला. "ऱ्हाऊ दे भाचे. ह्यो सदरा तुला लई ढिला व्हईल." गावातल्या सगळ्यांना त्यांनी दुसऱ्याचा सदरा घातला. त्यांचा घालून बघायचं इतकी वर्षं कुणाला सुचलं नव्हतं, मलासुद्धा. मी टेप काढली नाही. तशीच बसून राहिले.

मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. पदवी मिळाली त्या दिवशी आण्णा राहुरीहून नगरला एकटे आले, कुणालाही न विचारता, बरोबर गाडीत बसून.