बारशाआधीची अक्षरं

मलकापूर-नांदुरा बसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई क्रोशाच्या सुईनं लोकरीची अक्षरं विणतात, बाळांच्या दुपट्यांवर नाव शिवायला. त्यामुळे नावं त्यांना बारशाआधीच ठाऊक असतात. कुणी वाचू नये म्हणून अक्षरं मागेपुढे विणतात आणि विणून झालं की लगेच पिशवीत टाकतात.

"हे कोनाचं नाव हाय?" मी एकदा विचारलं.

"आत्याचा मान मी काऊन घेऊ?" म्हणत त्यांनी लोकरीचा गुंडा माझ्या हाती दिला. "धरा, घरंगळून राह्यला."

आठवडाभर मी तो पिवळा गुंडा धरला. रविवारी माझ्या भाचीचं बारसं होतं. नाव बहिणीनं मलाही सांगितलं नव्हतं. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, मग दुपटं उलगडलं. अक्षरं पिवळी होती.

सोमवारी बाईंनी हिरवा गुंडा पुढे केला. या वेळी नाव न विचारता मी तो धरला.